शेवटी भरायचं सामान

निजामुद्दीन : …मंग कूलरचं पाणी आजच काढून ठेवा वहिनी. मागच्या वर्षी एका मास्तरच्या घरी माह्या माणसानं कूलर तसाच उचलला, अर्धी टाकी गादीवर. तो मास्तर अजून मले पाह्यलं की तोंड फिरवते.

निकिता : काढते. तुम्ही लिहून घेताय ना सगळं?

निजामुद्दीन : हौ, घेऊन राह्यलो. दिवाण एक, कपाटं दोन, फ्रिज, धुण्याची मशीन, कूलर, लेकराची सायकल. देव तुमी संग नेसान?

निकिता : देव आमच्याबरोबर कारमध्ये. खोक्यांवर मी लिहिलंय कशात काय आहे ते. काच असेल तिथे लाल पेन आहे. आणि तो निळा डबा घेऊ नका, त्यात संस्कृतीची औषधं आहेत. तो माझ्या हातातच राहील.

निजामुद्दीन : तीस वर्सं झाले लोकायचे घरं उचलून राह्यलो वहिनी, पण असं खोक्याखोक्यावर लिहिलेलं घर पहिल्यांदा पाह्यलं. आमच्या पोरायले वाचता आलं तं बरं.

निकिता : नाही लिहिलं तर मला झोप लागत नाही.

निजामुद्दीन : बरं, फोनवर तुमी सांगतलं होतं, आपल्या वाशीमजवळच्या मालेगावले काही सामान उतरवायचं हाये म्हणून. थे कोणतं?

निकिता : हळू बोला ना भाऊ. आई शेजारी लिलाबाईंकडे गेल्यात, कधीही येतील. ते सामान… आईंचं आहे. ती पेटी, बाज, शिलाई मशीन आणि गोधड्यांचं गाठोडं. मालेगावला माझ्या नणंदेकडे, चंदाताईंकडे उतरवायचं. त्यांचे मिस्टर, हरीओमभाऊ, रस्त्यावर येऊन थांबतील.

निजामुद्दीन : म्हंजे काकू पुन्याले येऊन नाही राह्यल्या?

निकिता : नाही.

निजामुद्दीन : त्याईले माहीत हाये?

निकिता : उद्या पवन सांगणार आहे. तो आज रात्री पुण्याहून निघून सकाळी पोचतोय. उद्या गाडी भरली की आम्ही सगळे कारने निघू, चंदाताईंकडे जेवायला थांबू, तेव्हा जेवण झाल्यावर तो सांगेल. त्याचं म्हणणं, लेकीच्या घरी सांगितलं तर त्यांना कमी लागेल. तोपर्यंत तुम्ही त्यांच्यासमोर मालेगावचं नाव काढू नका. एवढं करा.

निजामुद्दीन : माह्या तोंडून नाव निघणार नाही. पण वहिनी, इंद्रभानकाका गेल्यापासून काकूले या घरात तुमचाच आधार…

निकिता : दोन खोल्यांचा फ्लॅट आहे भाऊ, चौथ्या मजल्यावर. आम्ही दोघंही नोकरीवर जाणार. आईंना आता आठवत नाही बऱ्याचदा. मागे दोनदा गॅस तसाच सुरू राहिला होता. आणि संस्कृती साडेतीन वर्षांची आहे.

निजामुद्दीन : लेकरू लहान असलं की घरात म्हातारं माणूस पाह्यजे असं आपल्याकडं म्हणतेत.

निकिता : म्हणतात. तुम्ही सामान बघा.

निजामुद्दीन : बरं. मंग काकूचं सामान आजच दाराजवळ एका जागी काढून ठेवतो. गाडी मालेगाववरूनच मेहकरकडं जाते. जे आधी उतरते ते शेवटी भरावं लागते, गाडीच्या मांगच्या फाळक्याजवळ. नाहीतं मालेगावात सारी गाडी रस्त्यावर उपसावं लागन. सकाळच्या घाईत पोरं चुकतेत, म्हणून मी नेहमी आदल्या दिवशीच वेगळं काढून ठेवतो.

निकिता : ठेवा. पण लवकर.

मनकर्णाबाई : कोन, निजाम हाये का रे? मोठा झाला बाप्पा, दाढी पांढरी केली.

निजामुद्दीन : सलाम काकू. दाढी आपोआप झाली, म्या काही केलं नाही.

मनकर्णाबाई : आसेगावहून आमचं सामान यानंच आणलं होतं निकिता. तवा याच्याजवळ मेटॅडोर होती. आमच्या यायच्या हातात कंदील देऊन यानं मांगं बसवलं होतं, गाडीचा मांगचा लाइट बंद हाये म्हणून.

निजामुद्दीन : इंद्रभानकाकानं वाशीमपर्यंत शिव्या घातल्या मले.

निकिता : आई, बसा ना. पाणी देऊ?

मनकर्णाबाई : लिलाबाईनं चहाच दोनदा पाजला. रडून राह्यली थे. म्हणे, मनकर्णाबाई, आता मी पापड कोणासंग लाटू. म्या म्हटलं, पोळ्याले येईन न मी पवनसंग. मंग म्हणे, चौथ्या माळ्यावर करमन का तुले? म्या सांगतलं, मले न करमाले टाइम कुठं भेटते. सकाळी लेकराले शाळेत सोडीन, दुपारी आणीन. पवन म्हणत होता शाळा बिल्डिंगच्या मांगंच हाये, रस्ता बी ओलांडावं लागत नाही. खरं हाये न निकिता?

निकिता : हो आई. मागेच आहे.

मनकर्णाबाई : संस्कृती निजली?

निकिता : निजली.

निजामुद्दीन : काकू, जरा उठता का? ही बाज तिकडं घेतो.

मनकर्णाबाई : आत्ताच काहून घेतं? रात्री मी निजू कशावर?

निजामुद्दीन : रात्री तठी दाराजवळ निजा. हवा बी लागन. सकाळी मी शेवटी भरतो.

मनकर्णाबाई : शेवटी?

निजामुद्दीन : हौ.

मनकर्णाबाई : पेटी बी तठीच नेली तू. मशीन बी. थे गाठोडं तं माह्या गोधड्यायचं दिसते. निजाम, दाराजवळ सारं माहंच सामान काहून हाये रे?

निजामुद्दीन : जागा पाहून भरावं लागते काकू.

निकिता : जड आहे ना आई ते, म्हणून.

मनकर्णाबाई : गोधड्या जड हायेत? अन् कपाट हलकं?

निकिता : तसं नाही…

मनकर्णाबाई : निजाम, मी आसेगावात बैलाची बंडी भरत होतो. पोतं वाटंत उतरवायचं असलं की थे मांगं ठेवावं लागते, बाजारात न्यायचं आधी आत टाकावं लागते. यायनंच शिकवलं होतं मले. तुही गाडी मोठी असंल, पण भरायची रीत तं तेच हाये न?

निजामुद्दीन : तेच हाये काकू.

मनकर्णाबाई : मंग माहं सामान वाटंत कुठं उतरते?

निजामुद्दीन : वहिनी, मी काहीच बोललो नाही. मी जरा फाटकाची रुंदी मोजून येतो.

मनकर्णाबाई : जाय. मोज.

(निजामुद्दीन बाहेर जातो.)

निकिता : आई, पाणी आणते.

मनकर्णाबाई : नको. बस. पवन परवा फोनवर म्हणला, जाताना चंदाकडं जेवाले थांबू. म्या म्हटलं, कायले रे, लेकराले उशीर होईन, डब्बा बांधून घेऊ. तं म्हणे, ताईनं पुरणपोळीचा बेत केला हाये. चंदाले म्या रात्री फोन लावला, काय बनवतं म्हणून इचारलं. थे अडखळली अन् म्हणे, काहीतरी करीन न आई. तवा मले वाटलं, पोरगी कामानं थकली असंल.

निकिता : आई, आम्ही उद्या सांगणार होतो.

मनकर्णाबाई : जेवल्यावर?

निकिता : हो.

मनकर्णाबाई : जेवायच्या आधी सांगतलं असतं तं घास उतरला नसता. हुशार हाये माहा पोरगा. पुन्याच्या घराच्या कागदावर सही केली तवा म्हणत होता, आई, एक खोली तुही. म्या खोली नाही मांगतली त्याले. म्या म्हटलं, खाली सतरंजी टाकून दे, लेकराजवळ निजीन.

निकिता : तेव्हा तो खरंच म्हणत होता. तेव्हा आमचं तसंच ठरलं होतं.

मनकर्णाबाई : मंग बदललं कवा? मी सांगू? संस्कृती अकोला नाक्यावर सापडली, त्या दिवशी.

निकिता : आई, ते झालं. मी तुम्हाला काही बोलले का?

मनकर्णाबाई : नाही बोलली. थेच तं. म्या वाट पाह्यली तुही. तू शाळेत शिकवून आली तवा ऑटोवाला दारात उभा होता, लेकरू त्याच्या कडंवर, एका पायात चप्पल नाही. म्हणत होता, ट्रकच्या मांगं चालून राह्यली होती बाई, म्या ओळखलं म्हणून आणलं. माहा डोळा लागला होता अन् दाराची कडी निंगालेली. लिलाबाईसुद्धा मले वटावटा बोलली. तू लेकरू घेतलं, पाय धुतले त्याचे, अन् मले म्हणली, होते आई, लेकरूच हाये. मंग चहा केला. माह्याबी हातात दिला.

निकिता : लिलाबाई आधीच एवढं बोलल्या होत्या. मी आणखी काय बोलणार होते?

मनकर्णाबाई : दुसऱ्या दिवशीपासून तू लेकराले तुह्या शाळेत घेऊन जाऊ लागली. म्हणली, तिथल्या मुलांत रमते. मी न्हाणीत असलो की तू तिले स्वयंपाकघरात घेऊन बसतं. बाजारात दहा मिनिटं जायचं असलं तरी लिलाबाईच्या नातीले बोलावतं. आठ महिने झाले निकिता. माह्याजवळ एकटं ठेवलं नाही तू लेकराले. मले समजत नाही असं वाटलं का तुले?

निकिता : मला वाटायचं तुम्हाला कळू नये.

मनकर्णाबाई : एकदा भांडली असती तं बरं झालं असतं. म्या बी रडून घेतलं असतं.

निकिता : मला अजून तो ट्रक दिसतो आई. मी पाहिला नव्हता, तरी दिसतो. चौथ्या मजल्याचा फोटो पवनने पाठवला, तर सगळे म्हणाले बाल्कनी छान आहे. मी फक्त गज मोजत बसले, दोन गजांत डोकं जाईल का म्हणून. वर्गात शिकवताना मधेच फोन बघते. हे तुमच्यामुळे नाही. मीच अशी झालेय.

मनकर्णाबाई : आई झालं की थोडंसं असं होते.

निकिता : थोडंसं नाही. चला तुम्ही. मी आत्ता पवनला फोन करते, निजामभाऊंना सांगते, सगळं पुण्यालाच उतरवा. आपण करू काहीतरी.

मनकर्णाबाई : बरं. चालतो.

निकिता : खरंच?

मनकर्णाबाई : चालतो. तू नोकरीवर गेली की लेकरू माह्याजवळ राहीन? दुपारी दोन तास. दार बंद करून. मी अन् संस्कृती. फक्त हो म्हण, मी आत्ता निजामले आवाज देतो.

निकिता : आई…

मनकर्णाबाई : हो म्हण.

(निकिता रडू लागते.)

मनकर्णाबाई : नको म्हणू. खोटं हो म्हणली असती तं मले आणखी वाईट वाटलं असतं. पूस डोळे.

निकिता : मी खूप वाईट आहे का?

मनकर्णाबाई : तुह्या जागी मी असतो तं म्या बी नसतं ठेवलं. यायची माय, माही सासू, आंधळी झाली होती शेवटी, म्या पवनले तिच्या मांडीवर कवाच एकटं सोडलं नाही. म्हातारी म्हणे, दे न वं माह्याजवळ. म्या म्हणो, भूक लागली त्याले. मले बी वाटत होतं तिले समजत नाही.

निकिता : चंदाताई तुम्हाला नीट ठेवतील. आम्ही दर महिन्याला येऊ.

मनकर्णाबाई : दर महिन्याले कोणी येत नाही बाई. पोळ्याले या अन् दिवाळीले या. बरं, पवनले सांगू नको मले समजलं म्हणून. रात्रभर गाडीत बसून येईन, अन् डोक्यात हेच घोकत असंल, आईले कसं सांगू. उद्या जेवल्यावर त्याले सांगू दे. मी म्हणीन, बरं झालं बा, मलेच पुन्याचं पाणी सोसलं नसतं, तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाही.

निकिता : त्याला खरं वाटेल ते.

मनकर्णाबाई : वाटू दे. निजाम! ये आत. झाली का नाही रुंदी मोजून?

निजामुद्दीन : झाली काकू. माफ करजा.

मनकर्णाबाई : तुले काय झालं? तू तुह्या कामाच्या रीतीनं केलं. ठेव माहं दाराजवळच. मशीनचा पट्टा काढून ठेव, नाहीतं तुटते.

निजामुद्दीन : काढतो. चिंध्यात गुंडाळून मीच उतरवीन मालेगावले, पोरायले हात लावू देत नाही.

मनकर्णाबाई : निकिता, आयक. उद्या जेवण झालं की संस्कृतीले चंदाच्या घरीच निजव. निजली की उचलून गाडीत घ्या अन् निंगा. जागी असताना निंगू नका. उठल्यावर रस्त्यानं रडन थोडी, पण गाडीत रडलेलं लेकरू लवकर इसरते. दारात रडलेलं नाही इसरत.

निकिता : बरं.

मनकर्णाबाई : तिले निजवाले मी बसीन. तेवढं राहू दे माह्याकडं.

निकिता : हो आई.

मनकर्णाबाई : निजवताना माहा डोळा लागला तं? त्या खोलीच्या दाराची कडी तूच लावून घेजो, बाहेरून.