एका बटणापायी

...नाही, पण तुम्हीच सांगा, मी काय विमान मागितलं होतं का? स्क्रीनवर एक मोठ्ठं बटण, त्यावर ‘पाणी’ लिहिलेलं, दाबलं की खाली माझ्या चष्म्याच्या दुकानात आवाज यावा, ‘पाणी!’ बास. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेलीय. जन्मभर गणित शिकवून शाळा दणाणून सोडणारा माणूस आता पाण्यासाठी पलंगावर चमचा आपटतो, आणि मी खाली काचा घासतोय, त्या घरघरीत ऐकू येतंय कुठे?

मेहुण्याला विचारलं, तो कॉम्प्युटरवाला. “सोप्पंय हो भावोजी! आधी फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा सांगाडा, ठरवा.” कुठलं? “ते तुमच्या गरजेवर आहे.” अरे, गरज सांगितली ना! मला फक्त एक बटण पाहिजे होतं हो!

वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी विटेएवढं पुस्तक काढून दिलं. पहिल्या पानावर माउस कसा धरावा, चित्रासकट! दुसऱ्या पानावर, ‘आता आपण जाणतोच की...’ काय जाणतो? मधल्या वेळात मी कुठे गेलो होतो? आणि नमुना कोड? ‘सोबतच्या सीडीत पाहावा.’ पुस्तकामागचं पाकीट उघडलं, तर आत कुणाचं तरी बसचं तिकीट! बाई म्हणतात, “सीडी ना? ती मी नोकरीला लागल्यापासून नाहीये.”

पण गंमत सांगू? दुकानात बसून त्यात एक गोष्ट वाचली आणि काच हातात तशीच राहिली. आपण बटण दाबेपर्यंत कॉम्प्युटर काय करतो माहितीय? नुसती वाट बघतो! दाबलं का? नाही. आता दाबलं का? नाही. न कंटाळता! मग दाबलेलं त्याला कळतं कसं? कुठलं दाबलं ते कोण सांगतं? झालं, तहानभूक विसरलो, इंटरनेट पालथं घातलं. नमुने पैशाला पासरी, पण जो तो कॅल्क्युलेटर बनवतोय! मला फक्त एक बटण पाहिजे होतं हो!

शेवटी एक चालणारा नमुना मिळाला, मुलांची प्रश्नमंजुषा. बटणं दोन. ‘बरोबर’ दाबलं की शाबासकी, ‘चूक’ दाबलं की खणखणीत, “चूक! पुन्हा कर!” पहिल्याचं मी ‘पाणी’ केलं. दुसरं काढायला गेलो, तर स्क्रीनवरची अख्खी खिडकी गायब! परत ठेवलं, खिडकी हजर. हात जोडले, म्हटलं राहू दे बाबा.

स्क्रीन बाबांच्या पलंगाशी ठेवला, स्पीकर खाली दुकानात लावला. बाबांनी ‘पाणी’ दाबलं. खाली आवाज आला, मी तांब्या घेऊन धावलो, ते प्यायले, माझे डोळे भरून आले. म्हटलं, “बघा, तुमचा मुलगा काय शिकला!” त्यांनी शांतपणे दुसरं बटण दाबलं. खालून आवाज, “चूक! पुन्हा कर!” आणि हसले हो! आजारपणानंतर पहिल्यांदा!

तेव्हापासून पाणी राहिलं बाजूला. गिऱ्हाइकाला म्हणावं, “हा चष्मा तुम्हाला फार शोभतो,” की लगेच, “चूक! पुन्हा कर!” जिन्यावरून सगळं ऐकू जातं ना त्यांना! ते बटण कसं काढायचं ते आता कळलंय मला, पण काढवत नाही. आणि काल आमची ही काय म्हणते? “अहो, पाण्याचं राहू द्या, ते दुसरं तेवढं स्वयंपाकघरातही माझ्या हाताशी बसवून द्या ना!”