त्याच ताईंच्या हातच्या

हॅलो?… हो, मीच. पूर्वा, बरं झालं तूच केलास, मला तुझा नंबर सापडेना. नाही गं, पडले-बिडले नाही. ऐक. तो लांब पोळीचा व्हिडिओ काढून टाक. आत्ताच्या आत्ता.

… किती?

… आठ लाख काय, पोळ्या?… माणसं? आठ लाख माणसांनी बघितला?

… अगं, अभिनंदन कसलं करतेस. काढ म्हणते ना.

… हो, हो, ठाऊक आहे, तूच सांगितलंस सगळं. 'मावशी, नुसतं पोळी-भाजी केंद्र अशी पाटी लावून आता कोणी येत नाही. रोज संध्याकाळी एक व्हिडिओ टाकायचा, सुरुवातीलाच काहीतरी हलताना दिसलं पाहिजे, पदार्थापेक्षा हात दाखव, लोकांना हात आवडतात.' दाखवले हात. मी नाही म्हणाले का? अ‍ॅपवाल्यांनी माझे निम्मे डबे पळवले तेव्हा तूच धावून आलीस, ते विसरले नाही मी. पण आता काढ.

… अगं ऐक ना. ऐक तरी. व्हिडिओत हात कोणाचे आहेत?

… माझे? माझ्या हातून साधी पोळी गोल होते, एवढंच. ते पीठ हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचं आणि उपड्या मडक्यावर पसरायचं, ते मला या जन्मात जमणार आहे का? श्रद्धाचे हात आहेत ते. दिवाळीपासून कामाला आहे ना माझ्याकडे, भंडाऱ्याकडची, तिचे.

… चेहरा नाही घेतला, बरोबर. तीच म्हणाली, मावशी, तोंड नका दाखवू. मला वाटलं, लाजते. नवऱ्याशी पटत नाही एवढंच माहीत होतं मला. आज सकाळी खालच्या क्लासमधल्या मुली वर आल्या, 'काकू, तुम्ही व्हायरल झालात' म्हणून मोबाइल नाचवत. श्रद्धाने तो पाहिला आणि लाटणं हातात घेऊन खालीच बसली. मग सांगितलं सगळं.

… पळून आलीये ती, पूर्वा. तो शोधतोय तिला. माहेरी जाऊन दार फोडलं, नागपूरला बहिणीच्या घरी तमाशा केला. सापडली की जिवंत ठेवणार नाही म्हणाला, चारचौघांत. पुण्याचा त्याला पत्ता नव्हता.

… चेहरा नाही म्हणून काय झालं? डाव्या हाताचा तो जवळून घेतलेला तुकडा बघ. तूच म्हणालीस ना, अजून जवळ जा, अजून जवळ जा. करंगळी बघितलीस? बाहेर वळलेली?… जन्मापासून नाही. त्याने मोडली. दाराच्या फटीत घालून.

… हं. सकाळी ऐकल्याबरोबर मी आधी दाराला कडी घातली.

… काढतेयस ना?… मग काढ, बोलत काय बसलीस.

… कुठली ऑर्डर?… ती दहा लांब पोळ्यांची ना? चिठ्ठी आहे माझ्याकडे, आज एकच्या आत न्यायला येणार. तिचं काय?… ती त्या व्हिडिओखालीच आली? वाच बरं काय लिहिलंय. जसंच्या तसं वाच.

… 'याच बाईंच्या हातच्या मिळतील का?'… हं… 'आम्ही तिकडचेच आहोत. दवाखान्याच्या कामाला पुण्यात आलोय.'… तिकडचे. आणि वर नाव काय दिसतंय?

… पुन्हा सांग.

… नाही, ऐकू आलं. ऐकू आलं म्हणूनच पुन्हा विचारलं.

… दिग्विजय. तेच. सकाळी एकदाच घेतलं तिने ते नाव, आणि घेतल्यावर तोंडावर हात ठेवला.

… जगात दिग्विजय पुष्कळ असतील गं. मडक्यावरची लांब पोळी खाणारे आणि आज पुण्यात असणारे किती असतील? तू काय उत्तर दिलंस त्याला?

… दिलंस म्हणजे काय दिलंस, वाच की.

… 'हो सर, त्याच ताईंच्या हातच्या, गरमागरम'… आणि पत्ता… आणि नकाशा. जिना कुठल्या बाजूने ते पण लिहिलंस? आणि शेवटी हात जोडलेलं चित्र.

… रडू नकोस. तुला काय माहीत होतं. प्रत्येकाला लगेच उत्तर द्यायचं, म्हणजे आपलं दुकान वरती दिसतं. दिसलं. छान दिसलं.

… नाही गं, तुला नाही बोलत. मला काय बोलतेय तेच कळत नाहीये.

… पाऊण होऊन गेला. येईलच आता… शटर? मला कुठलं शटर, पहिल्या मजल्यावरचं राहतं घर आहे हे. दारावर पाटी आहे, 'एक ते चार बेल वाजवू नये'. ती वाचून तो परत जाईल असं वाटतं का तुला?

… पोळ्या तयार आहेत. तिनेच केल्या. सकाळी इतकी रडली, मी म्हटलं पड जरा, तर म्हणाली ऑर्डर आहे ना. कोणासाठी करतेय ते तिला तरी कुठे माहीत. डब्यात भरून ओट्यावर ठेवल्यात.

… थांब हं. श्रद्धा, ए श्रद्धा. गॅस बंद कर. न्हाणीघरात जा आणि आतून कडी लाव… का म्हणजे मी सांगते म्हणून. जा बाळा. नळ सोड मोठा, आवाज बाहेर यायला नको… हॅलो? हो, आहे. एरवी भांडी घासताना धार जरा मोठी झाली की मी ओरडते तिला. आज मीच सांगितलं, सोड.

… पोलीस. हो. सकाळीच म्हटलं होतं मी, तर पाय धरले तिने माझे. नाव-गाव सांगावं लागेल, मग घरी कळेल, म्हणून. पण आता तिचं ऐकत नाही मी. तू असं कर, शेजारच्या कोणाचा तरी मोबाइल मागून घे. हा फोन ठेवायचा नाही, चालूच राहू दे. मी 'भाजी करपली' म्हटलं की दुसऱ्यावरून एकशे बारा लाव.

… करपली. भाजी करपली. एवढं लक्षात राहील ना?

… तू हिंजवडीतून निघून काय करणार? तू पोचेपर्यंत चार वाजतील. तिथेच बस आणि बोलत राहा माझ्याशी. गप्प बसलीस की मला जास्त भीती वाटते.

… गॅलरीत आलेय. हळू बोलते. रिक्षा थांबलीये खाली… उतरतोय कोणीतरी. फोटोत कसा दिसतो गं तो?… गॉगल. मिशी… पिवळा टी-शर्ट? फोटोतला शर्ट आज कशाला घालेल तो, वेडी… पण गॉगल आहे, पूर्वा. मिशी आहे. मान वर करून पाट्या वाचतोय.

… सरकले मी मागे. बघितलं नसावं.

… आणखी एक उतरलं. म्हातारी आहे. एका डोळ्यावर हिरवं फडकं, ऑपरेशन झालेलं दिसतंय… तो फोनवर बोलतोय कोणाशी. म्हातारी जिन्याकडे आली… एकटीच. तो खालीच आहे.

… मला भीती वाटते गं. तुझे काका गेल्यापासून या घरात एकटी राहिले, कधी दार वाजलं म्हणून घाबरले नाही. आज बेल वाजायच्या आधीच कडी धरून उभी आहे.

… वाजली. ऐकलीस?… आता एक अक्षर बोलू नकोस. फोन हातातच ठेवते.

… कोण?

… हो, हेच ते. जाळीतूनच बोला हं, कडी अडकते जरा… ऑर्डर कोणाच्या नावावर आहे?… बरं… मुलगा का तुमचा? वर नाही आला?… फोन आलाय. असू दे, असू दे. बोलू दे त्याला निवांत.

… निघाली कडी. हा घ्या डबा. दहा आहेत… आहेत हो आजी, एकही कमी नाही. उघडताय कशाला, गार होतील… बघा मग. बघा.

… काय झालं? कडेला काय आहे?… हो, कडेपर्यंत पातळच करतो आम्ही… कोणी म्हणजे? मीच केल्या… हो, माझ्याच हातच्या.

… माझे हात? ते कशाला बघायचेत तुम्हाला?… हे घ्या. हा उजवा… डावाही?

… आजी, बोट सोडा माझं.

… आजी, सोडा म्हणते ना. माझी भाजी क… काय म्हणालात?

… हळू? बरं. हळू बोलते… तुम्ही कोण तिच्या?

… सासू.

… हळद तुम्ही बांधली होती करंगळीला. बरं… आणि ही पोळीसुद्धा तुम्हीच शिकवलीत.

… मग तो खाली का उभा आहे?… म्हणजे?… त्यानेच दाखवला तुम्हाला? आणि त्याला स्वतःला?… करंगळी तर समोरच होती हो.

… नाही कळलं.

… नाही, इथे कोणी नाही. मी एकटीच राहते… नळ का? नळ चुकून राहिलाय चालू… बरं… बरं. कोणी असलंच, तर सांगते.

… हाका मारतोय तो. जा तुम्ही… कठडा धरून उतरा, एका डोळ्याने पायरीचा अंदाज येत नाही.

… हॅलो. आहेस ना?… नको, नको लावू. थांब. पण मोबाइल हातात असू दे. मला बसू दे जरा.

… सासू गं. तिची सासू… मुलाने डोळ्याच्या ऑपरेशनला आणलंय इथे. दवाखान्यात बसल्या बसल्या त्यानेच दाखवला व्हिडिओ. 'आई बघ, आपल्यासारखी पोळी पुण्यात मिळते, मागवू का?' हिने एका डोळ्याने बघितलं आणि हात ओळखले. बोलली काही नाही. मागव म्हणाली. आणि आज त्याला म्हणाली, तू थांब खाली, मी आणते.

… मीही तेच विचारलं. ज्याने मोडली त्यालाच करंगळी ओळखू येऊ नये? तर म्हणाली, बाई, तो जेवताना ताटाच्या वर बघत नाही. वाढणारा हात माझा की तिचा, ते त्याला कधी कळलं नाही.

… हो ना.

… परवा जाणार म्हणे गावाला. तोवर पोरीला दाराबाहेर काढू नका, पुन्हा ऑर्डर आली तर घेऊ नका, म्हणाली… आता तिच्यावर तरी किती विश्वास ठेवायचा? हळद बांधली, ठीक आहे. मोडताना कुठे होती? पण आली वर, एवढं खरं. जिना चढून आली.

… गेला का व्हिडिओ?… सगळीकडून?… म्हणजे लोकांनी पुढे पाठवलाय तो राहणारच. तो नाही काढता येत… हं. मग शेजारपाजारचं कोणीतरी ओळखेल, आज ना उद्या. त्याला नाही कळलं म्हणून त्याच्या गावात कोणालाच कळणार नाही, असं नाही… संध्याकाळी बोलते मी तिच्याशी. पाय धरले तरी चालतील, पण चौकीत जाऊन सगळं लिहून द्यायचं. मी जाईन बरोबर.

… नकाशावरूनही काढ. बंद आहे म्हणून टाक… जाऊ देत गिऱ्हाइकं. मोठं व्हायचं होतं, झाले.

… थांब, बघते गेले का. अजून आहेत… पूर्वा, तो खातोय. डबा उघडून, रिक्षाला टेकून, उभ्या उभ्या… दुसरी काढली. हाताने पुसून घेतलं तोंड… म्हातारी आत बसलीये, दुसरीकडे बघत… निघाली रिक्षा. वळली… गेली.

… श्रद्धा. उघड. गेले गं… हो. तोच होता… नाही. नाही ओळखलं त्याने. सासूबाई वर आल्या होत्या, त्यांनी ओळखलं… नाही सांगणार म्हणाल्या… इथे बस. पाणी पी आधी.

… हॅलो, हो. ती विचारतेय, व्हिडिओत करंगळी दिसत होती ना… दिसत होती गं बाळा. स्वच्छ दिसत होती.

… नाही, रडत नाहीये. भिंतीला टेकून आपलाच हात बघतेय.

… काय वाजलं तुझ्याकडे?… रिव्ह्यू? बंद करायच्या आतच?… कोणाचा?

… हळू वाच. फोन कानाला घट्ट धरते, तिला ऐकू जायला नको… पाच चांदण्या… हं… 'आईच्या हातची आठवण आली.'

… आईच्या.

… नको. काहीही लिहू नकोस… धन्यवाद नको, हात जोडलेलं चित्र नको… माहितीये मला, प्रत्येकाला उत्तर द्यायचं असतं. याला नाही द्यायचं.

… ठेवते गं. नळ अजून चालूच आहे.