शह्हातला सांगून आलेलं स्थळ

आणि वर मलाच विचारतात, "दंदरावी, तू मध्ये का तोंड घातलंस?" का घातलं? अहो, किल्ली माझ्या हातात होती म्हणून घातलं! चहा सांगा कुणीतरी. साखर भरपूर. गोडाशिवाय हे सांगता यायचं नाही मला.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या प्राणीबागेतला शह्हात. शह्हात म्हणजे भिकारी. जिराफाचं नाव भिकारी कोण ठेवतं, असं बाहेरगावचा माणूस विचारतो, आपल्याला विचारावं लागत नाही. शरबतची, म्हणजे त्याच्या आईची, आधीची दोन पिल्लं पाठोपाठ गेली. तिसरं झालं तेव्हा आमचे म्हातारे मुकादम हाजी इद्रीस, गळ्यातला निळा मणी हातात धरून, सगळ्यांना दम देऊन म्हणाले, "पोराचं नाव शह्हात. आणि कुणी विचारलं तर हे शरबतचं नाहीच. शेजारच्या नर्गिसचं आहे. शरबतला पोर झालं हे त्या मेल्या नजरेला कळताच कामा नये." झालं! आम्ही सगळे नर्गिसचं, नर्गिसचं म्हणत बसलो, तपासणीवाले आले त्यांनाही नर्गिसचं सांगितलं, आणि पोर जगलं. आता जगलं म्हटल्यावर खरं सांगून नजर परत कोण बोलावणार? आणि ते वेडं आपलं शरबतच्या पोटाखाली उभं राहून दूध ओढतंय. जिराफाला काय ठाऊक?

ते पोर वाढलं, भिंतीवरून मान काढून लोकांच्या टोप्या पळवायला लागलं, आणि परदेशातून स्थळ आलं. हसू नका. प्राणीबागांचं एक मंडळ असतं, ते जिराफांच्या सोयरिकी जुळवतं. आमच्या डॉक्टर इंगीबाई त्यांच्याशी पत्रव्यवहार करतात. कैरोची मुलगी, वयाने माझ्या पोरीएवढी, पण बोलायला लागली की मी आपोआप चप्पल काढतो. ती म्हणाली, "दंदरावीकाका, पोटजात एकच हवी, पण नातं अजिबात नको. शह्हात नूबी जिराफ आहे. आपल्या नाईलच्या वरच्या अंगाचा. बाहेरच्या बागांमध्ये कुठल्याकुठल्या पोटजाती मिसळून गेल्यात, जे शुद्ध उरलेत ते एकमेकांचेच भाचे नि पुतणे. म्हणून एकेक जोडी तोलून मापून लावायची." मी म्हटलं, बाई, आमच्या किना जिल्ह्यात नेमकं उलटं. चुलतभावाला चुलतबहिणीवर एवढा हक्क की नवरी घोडीवर बसली असली तरी तो तिला खाली उतरवू शकतो. माझी बायको नगात माझ्या सख्ख्या चुलत्याची मुलगी. चार पोरं, चारही धट्टीकट्टी.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. शह्हातच्या शेपटीचे केस तपासायला पाठवायचे होते, ते उपटत होतो आम्ही. उपटत होतो म्हणजे मी उपटत होतो, ती डबी धरून उभी, आणि त्याची लाथ माझ्या कानाजवळून वारा घालत गेली, ते राहू द्या. तर ती सहज विचारते, "शरबतच्या त्या दोन पिल्लांचा बाप कोण होता?" म्हटलं, तिचाच भाऊ, तेव्हा बागेत दुसरा नर होता कुठे? तिने डबीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "काका, ती नजर नव्हती. भावाबहिणीचं रक्त होतं. पिल्लं पोटातूनच दुबळी आली. एखाद्या पिढीला निभावून जातं, पण तेच तेच रक्त घरातल्या घरात फिरत राहिलं की कुणालातरी भोगावं लागतं." मग शह्हात कसा जगला म्हणता? त्याच्या वेळी बाहेरून नर आणला होता, थोड्या दिवसांसाठी. हाजी इद्रीस मात्र अजून शपथेवर सांगतात की मण्याने जगला.

मी त्या रात्री जेवलो नाही, तुम्हाला सांगतो. दुसरं पिल्लू माझ्या मांडीवर मान टाकून गेलं होतं. जिराफाच्या पिल्लाची मान मांडीत मावत नाही हो, अर्धी जमिनीवर असते. शरबत वरून वाकून त्याला चाटत होती, चाटत होती, थंड झालं तरी चाटत होती. जिराफाला काय ठाऊक? मला तरी काय ठाऊक होतं तेव्हा? मी नजर म्हणून धूप जाळत बसलो होतो.

तर नवरी आली. हॉलंडहून, पेटीतून, नाव क्लारा. डोळे असे की सुरमा लावून पाठवलंय वाटावं. महिनाभर वेगळी ठेवली, मग शेजारच्या आवारात, मध्ये फक्त जाळीचं फाटक. आणि शह्हात? तो टोप्या विसरला, बरसीमचा चारा विसरला. दिवसभर फाटकाशी. ती मान इकडे झुकवते, हा तिकडे झुकवतो, आणि शरबत मागे उभी राहून हे सगळं पाहते आहे, अगदी लग्नघरातल्या आईसारखी.

केसांचा निकाल अजून यायचा होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या थांबू या. पण आमचे मुदीर, म्हणजे बागेचे संचालक, वगदी बे! त्यांना शम्म अन्-नसीमचा, वसंताच्या सणाचा, मुहूर्त हवा. सणाला अख्खं गाव खारवलेली मासळी नि कांदे घेऊन बागेत लोटतं, गव्हर्नरसाहेब येणार, टीव्हीवाले येणार, तेव्हाच फाटक उघडायचं! "इंगी बेटा, कागदावर सगळं ठीक आहे ना? मग? केस काय वेगळं बोलणार आहेत?" आणि त्यांनी, खोटं वाटेल तुम्हाला, ढोल-सनईवाले बोलावले. जिराफाची वरात! ढोल वाजला की जिराफ काय करील, याचा विचार कोण करणार? मुदीर.

सणाचा दिवस. माणसावर माणूस, मासळीचा वास असा की उंटांनी तोंडं फिरवली. गव्हर्नरसाहेब खुर्चीत, मी फाटकाशी, हातात किल्ली. शेजारी इंगीबाई. निकालाशिवाय उघडतायत म्हणून कष्टी होती, पण क्लाराकडे बघून पाघळली, आणि मला म्हणते, "काका, गंमत माहीत आहे? ही एका अर्थी माहेरीच आलीय. हिची आई इथेच जन्मली होती. झुबैदा."

झुबैदा.

अहो, झुबैदा शरबतची बहीण! एका आईची. परदेशी धाडताना तिच्या पेटीला खिळे मी ठोकले, मी! पेटी गेली तेव्हा शरबत दोन दिवस भिंतीशी उभी होती. म्हणजे क्लारा ही शह्हातच्या मावशीची मुलगी. आणि कागदावर शह्हात नर्गिसचा, नर्गिसचं या घराशी काही नातंच नाही, म्हणून त्या मंडळाने बिनधास्त जोडी लावलेली. तेव्हाचे बाकीचे लोक कधीच नोकरी सोडून गेलेले, म्हणून हे आवारात आम्हाला दोघांनाच कळणार, मला आणि हाजी इद्रीसना. हाजी इद्रीस समोर पहिल्या रांगेत बसून कांदा सोलत होते.

ढोल सुरू. मनात म्हटलं, दंदरावी, मावशीची मुलगी! आपल्याकडे अशा सोयरिकीला मेंढा कापतात. गप्प बस, उघड. बोललास तर हे स्थळ मोडणार, आणि शह्हातला इथे ठेवणार कशाला? नर्गिस म्हातारी, बाकी सगळ्या कळपाशी त्याचं रक्ताचं नातं. पोराला आईपासून तू तोडणार, तू. आणि दुसरीकडून मांडीवरची ती मान. अर्धी जमिनीवर. शह्हात फाटकाला नाक लावून माझ्याकडे बघतोय, मी म्हणजे काय, लहानपणापासून दार उघडणारा माणूस... त्याला काय ठाऊक?

"दंदरावी, किल्ली!" मुदीर हसऱ्या तोंडाने, दात न उघडता. मी नाही हललो. "दंदरावी, गव्हर्नरसाहेब बघतायत." मी किल्ली खिशात घातली. "अरे सैतानाच्या, उघड!" आता ढोलवालाही थांबला. हजारभर माणसांत एक पोर तेवढं रडत होतं.

मी इंगीबाईकडे वळलो आणि म्हणालो, "बाई, शह्हात नर्गिसचा नाही. शरबतचा आहे. या दोघांच्या आया सख्ख्या बहिणी."

ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली आणि मुदीरांना म्हणाली, "हे फाटक आज उघडणार नाही." हाजी इद्रीस पहिल्या रांगेतून ओरडले, "नजर लागली! घातलीस ना नजर, मेल्या!" आणि गव्हर्नरसाहेब हळूच विचारतायत, मग जेवण कधी आहे?

निकाल पुढच्या आठवड्यात आला. केसांनी माझंच सांगितलं, शब्दाला शब्द. रक्त शुद्ध नूबी, आई शरबत. मंडळाने कळवलं, नवरी राहील, तिच्यासाठी लांबचा नवरा शोधू. शह्हातने तांबड्या समुद्राकडच्या बागेत जावं, तिथे नुसत्या नरांचा कळप आहे. मुदीरांनी माझी बदली पाणघोड्याकडे केली, पण पेटी भरायची वेळ आली तेव्हा मलाच बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाच्या मागून तो पेटीत शिरेना. माझ्या मागून शिरला. बरसीम दाखवली, शिरला. मी बाहेर आलो आणि दार लावलं, आणि रडलो, सरळ सांगतो, पेटीला डोकं टेकून रडलो. इंगीबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही एका पिल्लाला वाचवलंत." कुठलं पिल्लू? जे झालंच नाही ते! जे झालं होतं ते ट्रकमध्ये होतं.

शरबत भिंतीशी उभी आहे अजून. क्लारा तिच्याजवळ जाऊन उभी राहते. मावशी नि भाची.

घरी गेलो. तिथे भाऊ बसलेला, मिठाईचा डबा घेऊन. त्याच्या मोठ्या मुलाला माझी मुलगी समाह हवी. नगात आनंदाने लूलूलू करतेय, शेजारणी जमल्यात. मी म्हटलं, थांबा, जरा ऐका, मी नि नगात चुलत, आमचे आईबाप चुलत, त्यांचेही... एकदा त्या इंगीबाईला विचारू या. भाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, "माझ्या पोराला तू जिराफ समजतोस?" नगात म्हणाली, "मग मी कोण? मी पण जिराफ?" समाह खोलीत दार लावून बसली. आज आठ दिवस माझ्याशी घरात कुणी बोलत नाही, फूलच्या, म्हणजे आमच्या कडधान्याच्या उसळीच्या, ताटलीत कांदासुद्धा टाकत नाहीत.

लग्न येत्या गुरुवारी आहे. ढोलवाले तेच ठरलेत, मुदीरांकडून पुऱ्या दिवसाचे पैसे घेऊन अर्धाच दिवस वाजवलं म्हणून स्वस्तात येतायत. मी जाणार. नवरीचा बाप आहे, जावंच लागणार. बागेतल्या फाटकाची किल्ली माझ्या खिशात असायची हो, घरच्या फाटकाची नगातच्या कमरेला असते.