खिडकीखालची सोमीकाकू

कलाकार कार्डाची आमची परीक्षा सांगितली का तुम्हाला? कार्ड नाही तर प्रदर्शनात स्टॉल नाही, म्हणून आम्ही सात जणी तलासरीहून डहाणूला गेलो. एकेकीने कार्ड देणाऱ्या साहेबांसमोर वारली चित्र काढून दाखवायचं. पहिली मीच. साहेबांनी दार लावलं आणि माझा हातच हलेना! गप्पांशिवाय आम्ही कधी एक रेघ ओढलेली नाही. अर्धा तास कागद कोरा.

"येत नसेल तर सांगा, बाई."

तेवढ्यात खिडकीखालून, बाहेर थांबलेल्या आमच्यातल्या सोमीकाकूचा आवाज आला. "ऐकलंत का गं, माझा व्याही वाणगावला लग्नाला गेला, नि भलत्याच मांडवात जेवून आला!"

झालं, माझा ब्रश सुटला तो थांबेचना. साहेब ताडकन उठले. "बाहेरून उत्तरं सांगतायत?"

"नाही साहेब, व्याह्याचे प्रताप सांगतायत."

साहेबांनी खिडकीपाशी जाऊन कान दिला. मग दार सताड उघडलं आणि म्हणाले, "सगळ्या आत या, एकत्रच बसा."

सातही जणी पास! शेवटच्या कार्डावर शिक्का मारताना साहेब हळूच म्हणाले, "काकू, पण आहेर कुठल्या मांडवात दिला?"