समासात लिहू नये

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान वैद्यकीय अधीक्षक, पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर, त्यांचे कुटुंबीय आणि कामाची पाळी सांभाळून सभागृहात आलेले माझे सर्व सहकारी,

मी या रुग्णालयाचा अभिलेख अधिकारी. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून सत्तावीस वर्षे तळमजल्यावर कागद सांभाळतो आहे. माघारी मला 'चौकटसाहेब' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मोठ्या सिस्टरांना निरोप देण्यासाठी आणि एक गोष्ट त्यांच्यासमोर कबूल करण्यासाठी मी उभा आहे. ऐनवेळी शब्द बदलू नयेत म्हणून भाषण लिहून आणले आहे.

सिस्टरांच्या सेवेबद्दल माझ्या आधीचे वक्ते सविस्तर बोलले. मी फक्त कोरोनाच्या पहिल्या काही आठवड्यांविषयी बोलेन.

त्या वेळी दाखल होणाऱ्या रुग्णाचा अर्ज मी तयार केला होता. एक पान, तीन चौकटी : ताप, खोकला, धाप. बरोबरची खूण करायची, की झाले. अर्ज माझ्याकडे येत, स्कॅन होत. आमचा स्कॅनर कागदाची डावी कड कापत असे, म्हणून अर्जाच्या तळाशी मी ठळक अक्षरांत छापून घेतले होते : 'समासात लिहू नये.'

मोठ्या सिस्टर दाखल-कक्षात होत्या आणि समासातच लिहीत होत्या. 'जुलाब, चौथा दिवस.' 'अन्नावर वासना नाही, उलट्या.' असा प्रत्येक अर्ज मी लाल चिठ्ठी लावून परत पाठवी : नियमबाह्य लेखन, नव्याने भरून द्यावा. मोजून एकेचाळीस अर्ज परत पाठवले.

एके दिवशी त्या स्वतःच खाली आल्या. काचेपलीकडून म्हणाल्या, "साहेब, माणसाचं पोट तुमच्या चौकटीत मावत नाही हो."

मी म्हणालो, "सिस्टर, अर्ज मंजूर झालेला आहे. लक्षणं तीन आहेत."

"बरं. मग त्यांना सांगते, आज घरी जा, उद्या खोकत या."

माझ्या हाताखालचे लोक हसले. मी हसलो नाही. मी चिठ्ठ्यांचे नवे पुडके मागवले.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "पोट बिघडलंय रे. दोन दिवस काही ठरत नाहीये." मी विचारले, "दादा, ताप? खोकला? दम लागतोय?" तो म्हणाला, "छे, तसलं काही नाही." मी म्हणालो, "मग तो आजार नव्हे. हलकं खा आणि पडून राहा. इथे गर्दी आहे, उगाच येऊ नकोस." रुग्णालयात काम करणाऱ्या धाकट्या भावावर तो विश्वास ठेवणार नाही, तर कोणावर?

सहाव्या दिवशी वहिनी त्याला घेऊन आल्या. बाराव्या दिवशी दादा गेला.

अध्यक्ष महोदय, निरोपाच्या कार्यक्रमात हे सांगणे औचित्याला धरून आहे का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझ्याही आला. म्हणून काल मी वहिनींना विचारले. त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. म्हणाल्या, "सांगा भाऊजी. पण सिस्टरांचा दिवस आहे, रडून त्यांचा वेळ खाऊ नका." मी प्रयत्न करतो आहे.

पुढच्या वर्षी डॉक्टरसाहेबांनी मला विचारले, की ज्यांचा आजार पोटापासून सुरू झाला, असे आपले रुग्ण किती, आणि त्यांचे पुढे काय झाले? मी संगणकात पाहिले आणि उत्तर दिले : शून्य. सिस्टर तिथेच होत्या. त्या वर गेल्या आणि हातमोज्यांचे दोन खोके घेऊन आल्या. मी परत पाठवलेले एकेचाळीस अर्ज, लाल चिठ्ठ्यांसकट. दर वेळी त्यांनी मला स्वच्छ प्रत लिहून दिली होती आणि मूळ कागद जपून ठेवला होता. नियमाने हे गैर आहे, याची नोंद असावी.

ते अर्ज मी एकट्याने तपासले. एकेचाळिसांपैकी सव्वीस जण पाचव्या दिवसानंतर आले होते. ही संख्या लहान आहे, तिच्यावरून जगाविषयी काही ठरवू नये, असे डॉक्टरसाहेबांनी मला तीनदा बजावले. पोट बिघडल्यामुळेच कोणी अधिक दगावले, असेही त्यांतून निघत नाही. निघते ते इतकेच : हे लोक उशिरा आले, कारण घरी, दारी, फोनवर कोणीतरी त्यांना सांगितले होते, की हा तो आजार नव्हे.

अडतिसावा अर्ज दादाचा होता. समासात सिस्टरांचे अक्षर : 'जुलाब सहा दिवस. भावाने घरी थांबायला सांगितले.' त्यावर माझी लाल चिठ्ठी, माझी सही. मी नावे वाचत नसे, चौकटी वाचत असे.

सिस्टर, तुम्ही तो अर्जही नव्याने भरून दिलात आणि वर्षभर मला एका शब्दाने बोलला नाहीत. का? मी एकदा विचारले, तर म्हणालात, "तुम्ही वाचाल तेव्हा वाचाल, म्हटलं." चिठ्ठ्या एकेचाळिसावर थांबल्या, त्या मला शहाणपण सुचले म्हणून नव्हे. पुडके संपले होते आणि मागवलेले नवे आलेच नव्हते.

आता अर्जात चौथी चौकट आहे : पोट. स्कॅनरही बदलला आहे. तळाची ती ओळ मी स्वतः काढली.

आयोजकांनी मला बोलू दिले, आपण ऐकून घेतले, वहिनी आल्या, याबद्दल मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही चुकले असेल, काही राहिले असेल, तर त्याचीही सोय केली आहे. या कागदाला डावीकडे चार बोटे समास सोडला आहे. सिस्टर, घरी नेऊन निवांत वाचा आणि तिथे लिहा. हा कागद परत येणार नाही.

आपला नम्र,
अभिलेख अधिकारी
तळमजला, अभिलेख कक्ष
मोठ्या सिस्टरांच्या सेवेचा शेवटचा दिवस