मधली जागा

नाही गं, जळते कसली तिच्यावर! कोणी सांगितलं तुला असं? दिवेवाल्यानं ना? त्याला काय, शिडीवर बसायचं आणि खालच्या बायकांच्या चहाड्या करायच्या. हात वर कर. अजून वर. पाठ अशी वाकवू नकोस, कापड मागून ओढलं जातं, आणि मग सगळ्या म्हणणार शिंपिणीनं पोशाख आखूड केला. सख्खी धाकटी बहीण आहे ती माझी — सख्ख्या बहिणीवर कोणी जळतं का? जळतात म्हणा काही जणी. पण मी नाही. मी इथे पडद्यामागे शिवते, ती तिकडे पडद्यापुढे नाचते, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात — वाजवेनात का, माझं काय जातंय?

पण तिला नाच शिकवला कोणी, ते नाही सांगितलं ना त्यानं? मी शिकवला. धड चालता येत नव्हतं, तेव्हापासून कमरेला धरून ओळीत ओढायचे मी तिला. तूही आपल्यातलीच ना? बोलण्यावरून वाटलंच. मग तुला ओळ माहीत असणार — एकमेकींच्या कमरेत हात घालायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच बाई असल्यासारखं सरकायचं. मधोमध मी. माझ्या या बाजूला वहिनी, त्या बाजूला धाकटी. मधली बाई पाय टाकते तशी ओळ चालते, उगाच नाही कोणालाही मध्ये उभं करत. कुठे कुठे नाचलो आम्ही! कोणी मोठा पाहुणा आला की बोलवा या बायकांना. आम्ही नाचायचो आणि ती माणसं जेवत असायची, आमच्याकडे पाठ करून. आता तिच्या नाचाला कोणी खोकतसुद्धा नाही. पोस्टरवर केवढ्या अक्षरांत — आदिवासी स्त्रियांचं आजचं नृत्य. आजचं! म्हणजे आम्ही काय परवाच्या?

हे ‘आजचं’ आणलं त्या नाच बसवणाऱ्या बाईंनी. चष्मा कायम कपाळावर. दागिने नकोत, ढोल नको, जमिनीवर लोळायचं, मध्येच थांबून लोकांकडे रोखून बघायचं. मी म्हटलं, बाई, थांबायचंच असेल तर नाचायचं कशाला? सगळ्या हसल्या. धाकटी नाही हसली. ती लोळली. अशी लोळली गं, की बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. इतकी वर्षं मी नाचले — माझ्यासाठी नाही कोणी चष्मा खाली घेतला.

मग आले निघून. रागानं नाही — बरं, रागानंच. पहिला प्रयोग तोंडावर होता. म्हटलं, बघू या मधली बाई गेल्यावर ओळ कशी उभी राहते यांची. घरी बसले, घासलेली भांडी परत घासली. आता दार वाजेल, धाकटी गळ्यात पडेल, ताई चल म्हणेल... कोणी आलं नाही. आणि तिकडे काय झालं माहितीये? ओळीतली बाई कमी झाली की बाजूच्या दोघींनी जवळ सरकायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. या सरकल्याच नाहीत! घाबरल्या होत्या, विसरल्या, वहिनीनंच सांगितलं मला. धाकटीचा हात तसाच हवेत राहिला, माझ्या कमरेएवढा गोल — आताच्या नाही, तेव्हाच्या. पलीकडून वहिनीचा. मध्ये कोणी नाही, आणि त्या ‘कोणी नाही’ला धरून नाचल्या. बाई म्हणाल्या, हे असंच ठेवा.

झालं! पेपरात आलं, ती रिकामी जागा म्हणजे हरवलेलं जंगल. दुसऱ्यानं लिहिलं, हरवलेली भाषा. अगं, जंगल कसलं, मी आहे ती! इथे हुक लावत बसलेली, ही, मी! मी नाही म्हणून तिचं नाव झालं, आणि मी असताना ती कोण होती? मागे जाऊन उभी राहते मी कधी कधी. कधी कधी म्हणजे — प्रत्येक प्रयोगाला. शेवटच्या रांगेमागे. लोक त्या जागेकडे बघून डोळे पुसतात, आणि मला वाटतं ओरडून सांगावं, अहो, जिवंत आहे मी!

बोलत नाही मी तिच्याशी. मापं घेतानाही नाही. पण एक सांगते, कोणाला बोलू नकोस — जागा ठेवलीये तिनं माझी. ‘असंच ठेवा’ म्हणणाऱ्या बाईंनीच नंतर कितीदा म्हटलं म्हणे, आता दुसरी उभी करू या, ही ऐकत नाही. म्हणून तर ही नोकरी धरली मी, नाहीतर शिवणाची कामं बाहेर काय कमी आहेत? कधीतरी ती म्हणेल ये, नाहीतर मी म्हणेन येते. एवढ्यात नाही, जरा तिचं डोकं खाली येऊ दे. पाय अजून आहेत माझे. परवा दार लावून बघितलं नाचून.

वळ आता. त्या उंच मुलीचा गुडघा दुखावलाय, म्हणून तिच्या जागी घेतलंय ना तुला? टोकाला उभी राहते ती, तिचा एकच हात गुंतलेला असतो. म्हणून एकाच बाजूला सैल शिवलंय बघ.

काय? दोन्हीकडे सैल हवं? टोकाच्या बाईला कशाला दोन्हीकडे?

ती बरी झाली? मग तू कुठे?

कोणाच्या मध्ये?

बाईंनी ठरवलं असेल. — धाकटीनं? तिनं स्वतः सांगितलं?

हलू नकोस. हलू नकोस म्हटलं ना, टाचणी लागेल. तुझी कमर बारीक आहे गं. तिचा हात एवढा आत नाही वळायचा, तिला सवय नाही. सांग तिला. नको, काही सांगू नकोस. काढ तो पोशाख, ठेव तिथे. शिवून देते. दोन्हीकडे सैल शिवून देते.

जा बाई तू. जा म्हटलं ना.