बाकीचे एकावन्न

नाही नाही, पाय खाली टेकवू नका साहेब, स्टुलावरच राहू दे — पट्टी सोडलीय ना मी, जखम उघडी आहे, आणि या फरशीवरून सकाळपासून किती लोक गेलेत ते विचारू नका. केसपेपर तेवढा द्या. काढलाच नाही? अहो, मग पट्टी सोडायच्या आधी बोलायचं! — हो, सोडली मीच, आणि विचारलंही नाही. मुद्दामच नाही विचारलं म्हणा. आता दोन वाजेपर्यंत खिडकी बंद, बाहेरच्या बाकावर बसा तोवर, उघडा पाय घेऊन. दारातून लंगडत आलात तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला. तुम्ही कशाला ओळखाल? तपासणीला आलात तेव्हा माणसांकडे कुठे बघितलंत, कपाटाकडे बघितलंत.

वस्तीतला दवाखाना — दोन खोल्या, बाळंतपणाची एक खाट, आणि मी नर्स. आठवलं? तेरा वर्षं होते मी तिथे. तुम्ही खुर्ची पुसून घेतलीत, केसपेपरांचा गठ्ठा मोजलात — दिवसाला नऊ! — आणि ‘इतक्या कमी रुग्णांसाठी दवाखाना परवडत नाही’ असं लिहून सही ठोकलीत. चहासुद्धा अर्धा टाकलात, एवढी घाई. महिन्यात कुलूप. माझी बदली इथे, या ड्रेसिंगच्या खोलीत. आणि वस्तीतल्या बायकांची बदली कुठे? कुठेच नाही.

कुलूप लागल्यापासून पाचव्या महिन्यात माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. दादाने शेजाऱ्याचा भाजीचा टेम्पो काढला, तिला घेऊन इकडेच निघाला — चौदा किलोमीटर! अहो, ती खाट घरापासून चालत चार मिनिटांवर होती, कुलपाच्या आत. पोरगी वाटेतच झाली, टेम्पोत, आणि वहिनीचं रक्त थांबेना. त्यासाठी इंजेक्शन असतं साहेब, एवढंसं, मी कितीदा दिलंय. आणि मी कुठे होते? इथे, कुणाच्या तरी टाचेला पट्टी बांधत होते.

तेव्हापासून वाट बघतेय. तुमचं वाईट व्हावं असं रोज वाटायचं, खोटं कशाला बोलू? खासगीत चार महिने काढलेत म्हणे, पेन्शन पुरेना, म्हणून ही पायरी चढलात. परवडत नाही, हो ना? तुमचाच शब्द. आता कसा वाटतो?

काय म्हणालात? नऊच होते तर तुम्ही काय करणार? नऊ! अहो, रोज साठ माणसं बघायचे मी, साठ! तापाची पोरं, खोकून खोकून बेजार झालेले म्हातारे, दिवस गेलेल्या बाया — केसपेपरला पैसे पडायचे, वर ओळखपत्र मागायचे, कुठून आणणार त्या? मी म्हणायचे, बस गं, कागद राहू दे, आधी नाडी बघू दे तुझी. तेरा वर्षांत एकालाही परत पाठवलं नाही मी, एकालाही —

नाही. रजिस्टरलाही नाही. कागदच नाही तर रजिस्टरला कुठून येणार?

असं बघू नका माझ्याकडे. मी लिहायला हवं होतं? मी? अहो, डोळ्यांदेखत बसली होती की माणसं — बाकावर, पायरीवर, तुमच्या बुटांपाशी! ती मोजायची होतीत! बाकीच्या एकावन्न जणांना काय मी लपवून ठेवलं होतं? ... मी त्यांचं भलंच बघत होते. दादाला यातलं काही माहीत नाही. त्याला मी सांगितलंय, सगळं त्या सहीने केलं. पोरगी सात वर्षांची झाली, आई कशी गेली विचारते, तिलाही तेच सांगते. सही. तुमची सही.

कुठे निघालात? थांबा — बाकावर नका बसू. दादा आहे तिथे, माझा डबा घेऊन आलाय. बाकावर दोन माणसं बसली की बोलतात. बसा परत, पाय द्या इकडे. खिडकीचं राहू दे, बांधते मी, हे बघा, बांधलीच. घट्ट नाही ना झाली? काठी घ्या. त्या दाराने नको, मागच्या दाराने जायचं. आणि उद्या पट्टी बदलायला इथे यायचं नाही. कुठेही जा, मला काय विचारता? जा.